डायोनिसस कोणत्या नाटकात भेटावा?

डायोनिसस हा मद्याचा आणि रंगभूमीचा ग्रीक देव समजून घेण्यासाठी ग्रीक नाटककार युरिपिडीसची शोकांतिका ‘बॅकी’ वाचावी की ॲरिस्टोफेनिसचे विनोदी नाटक ‘बेडूक’, असे एका मैत्रिणीने विचारले. दोन्ही नाटके इ.स.पू. ४०५ च्या सुमारास अथेन्समध्ये डायोनिससच्याच उत्सवांत सादर झाली आणि दोहोंना पहिले पारितोषिक मिळाले. ‘बॅकी’ला मात्र युरिपिडीसच्या मृत्यूनंतर.

‘बॅकी’तील डायोनिसस मानवी रूपात थीब्झ या ग्रीक नगरात येतो, आपले देवत्व नाकारणाऱ्या पेन्थिअस राजाला शांतपणे, जवळजवळ हळुवारपणे मोहात पाडतो आणि अखेरीस उन्मत्त स्त्रियांच्या हातून, ज्यांत राजाची आईही असते, त्याच्या देहाचे तुकडे करवतो. ती शांतता मला त्या क्रौर्याहूनही भयंकर वाटते. ‘बेडूक’मधला देव हेराक्लीस या बलाढ्य वीराचे सोंग घेतो, भ्याला की गुलामाशी वेष बदलतो आणि मृत युरिपिडीसला आणायला पाताळात जाऊन त्याच्याऐवजी एस्किलस या जुन्या शोकांतिकाकाराला घेऊन परततो.

वाचनाचे कष्ट ‘बेडूक’मध्ये अधिक आहेत, कारण तत्कालीन राजकारणाचे आणि शोकांतिकांचे संदर्भ टिपांशिवाय उलगडत नाहीत.

देवाची सत्ता आणि भक्तीतला धोका ज्याला जाणून घ्यायचा आहे, त्याने ‘बॅकी’ घ्यावे. देवाच्याच उत्सवात त्या देवाला हसू शकणारे शहर ज्याला पाहायचे आहे, त्याने ‘बेडूक’.