मुरमांसाठी डॉक्सी की आयसो: पथ्य कुठलं झेपेल?

गालावर दुखऱ्या गाठी आणि जुन्या मुरमांच्या जागी खड्डे पडायला लागले, की त्वचेचे डॉक्टर बहुधा दोनांपैकी एक नाव घेतात: डॉक्सीसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन. औषध डॉक्टरच ठरवणार. पथ्य मात्र आपल्याला पाळायचं असतं, तेव्हा ते आधी माहीत हवं.

डॉक्सी हे अँटिबायोटिक. पथ्य सोपं, म्हणूनच चुकतं. आपल्या इंदुरात रात्री अकराला सराफ्यात भुट्ट्याचा कीस हाणायचा, घरी येऊन घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल टाकायची आणि आडवं व्हायचं. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होतो. मग पाणी गिळतानाही छातीत कळ येते. ग्लासभर पाणी प्या, निदान अर्धा तास बसून राहा. लोहाच्या, कॅल्शियमच्या, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दोन-तीन तास लांब ठेवा, नाहीतर औषध अंगी लागत नाही. हे औषध चालू असताना मे महिन्यात भर दुपारी स्कूटरवर फिरलात तर उन्हानं कातडी भाजते. औषध साधारण तीन-चार महिनेच घ्यायचं, तेही मलमाच्या जोडीनं. उगाच लांबवलं तर जंतू दाद देईनासे होतात.

आयसो हे अ जीवनसत्त्वाचं भावंड. ते तेलग्रंथीच आकसवतं, त्यामुळे पूर्ण कोर्सनंतर बऱ्याच जणांचे मुरुम परत येत नाहीत. हिशेब वजनावर: किलोमागे एकूण 120 ते 150 मिलिग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला किमान 7200; रोज 40 घेतले तर 180 दिवस. घ्यायचं भरल्या पोटी, जेवणात थोडं तूप-तेल असावं. ओठ फुटतात, डोळे कोरडे पडतात, नाकाचा घोळणा फुटू शकतो. लिव्हर आणि ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी यांसाठी रक्त तपासावं लागतं. रात्री गाडी चालवताना कमी दिसलं किंवा मन फार उदास राहू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

आणि गर्भ. या औषधावर असताना दिवस गेले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. आधी गर्भचाचणी, कोर्सभर खात्रीचं गर्भनिरोधन आणि शेवटच्या गोळीनंतर आणखी एक महिना. तेवढाच काळ रक्तदानही नाही, पुरुषांनीसुद्धा. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं. भाचीला डॉक्टरांनी गर्भाबद्दलचा हा प्रश्न ताईसमोर विचारला, तेव्हा ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला मात्र विचारणारा डॉक्टरच बरा वाटतो. डॉक्सीही गरोदरपणात टाळतातच, पण आयसोइतकी जोखीम तिथे नाही.

लग्न ठरलेल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: आयसोवर असताना आणि नंतर सहा महिने वॅक्सिंग नको, कातडी सोलून निघते. रंगपंचमीच्या गेरमध्येही, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीतही, जरा जपूनच.

माझ्या मते गाठी आणि खड्डे असतील, सहा महिने मोकळे असतील आणि एवढ्यात मूल नको असेल, तर आयसोचं डॉक्टरांकडे बोलून पाहावं. पुटकुळ्या मध्यम असतील किंवा लग्न तोंडावर असेल तर आधी डॉक्सी.

दोन्ही एकत्र मात्र कधीच नाही. मेंदूभोवतीचा दाब वाढतो. डोकं ठणकून धूसर दिसलं तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. तेव्हा आयसो सुरू करण्याआधी कपाटात उरलेली डॉक्सीची पट्टी काढून टाका, आणि मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवर अ जीवनसत्त्व लिहिलंय का तेही बघा.