प्राणिसंग्रहालयाचा वार्षिक पास : गोंदियाच्या खेड्यातून वापरल्यावर

मागच्या दिवाळीनंतर आम्ही एका सरकारी प्राणिसंग्रहालयाचा कुटुंब-पास काढला. आता नूतनीकरणाचे मेसेज यायला लागलेत आणि शाळेतले दोघेतिघे विचारत आहेत की घ्यावा का, म्हणून सविस्तर लिहिते. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. संग्रहालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथले रोजंदारीवरचे कर्मचारी माझ्याशी मोकळेपणाने बोलले, आणि नाव दिलं की बोट त्यांच्याकडे जाईल.

आधी पासाचं सांगते. नवरा-बायको आणि दोन मुलं एवढंच कुटुंब त्यात धरलंय. सासूबाई सोबत असल्या की त्यांचं तिकीट वेगळं, आणि तेही मोबाईलवरूनच काढायचं. खिडकी आहे, पण तिथला माणूस भिंतीवरचा क्यूआर दाखवतो. पास असला तरी वेळ आधी नोंदवावी लागते. आमच्याकडून पहाटेची एसटी धरली, मधे एक गाडी बदलली, तर दारात पोचेपर्यंत साडेअकरा होतात. सकाळची पाळी तोवर संपलेली असते. दुपारची घेतली तर परतीची शेवटची गाडी हुकते. थोडक्यात, स्वतःची चारचाकी असेल तर हा पास उपयोगाचा. आम्ही बहुतेक वेळा शेजाऱ्यांची गाडी भाड्याने केली, आणि ते भाडं धरलं तर पास स्वस्त पडला असं मला म्हणता येत नाही.

आठवड्यातून एक दिवस बंद असतं, त्याबद्दल तक्रार नाही. तो नियमच आहे आणि प्राण्यांसाठी चांगला आहे. पिण्याचं पाणी जागोजागी आहे, स्वच्छतागृहं बरी आहेत, झाडं राखून रस्ते काढलेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा त्या झाडांची किंमत कळते. वाघाच्या आवारात तळं आहे, बिबट्यांना वर चढायला ओंडके आहेत, अस्वलांच्या गुहेवर गवताचं छप्पर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले होते, त्यामुळे इथे काय काळजी घेतात ते मी मुद्दाम विचारलं. दारातलं औषधाचं पाणी, पायातले वेगळे बूट, मांस कुठून येतं आणि कसं तपासतात, सगळं त्यांनी दाखवलं. प्राण्यांची निगा राखणाऱ्या या माणसांना माझ्याकडून पूर्ण गुण. तिथला एक जण अस्वलाला हाक मारतो तेव्हा ते कुठूनही उठून येतं.

पण वृद्ध, अपंग, लहान मुलं यांच्यासाठी जी सोय असल्याचं माहितीपत्रकात छापलंय ती अर्धवट आहे. आमच्या सहावीतला एक मुलगा चाकाच्या खुर्चीवर असतो. शाळेची सहल नेली तेव्हा फाटकावर उतार होता, छान वाटलं. पुढे वाघाच्या काचेपाशी गेलो तर तीन पायऱ्या. बाजूने उतार बांधलाय, पण त्यावर साखळी लावून मागे फुलांच्या कुंड्या मांडलेल्या. किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही. पहारेकरी म्हणाला, उचलून नेतो. पोरगा नाही म्हणाला. वर्गातली सगळी काचेला नाक लावून उभी होती आणि हा खाली थांबून त्यांच्या पाठी बघत होता. शेवटी दोघी मुलींनी कुंड्या सरकवल्या, साखळीखालून खुर्ची जाईना म्हणून ती खांबावरून उपसून काढली आणि त्याला वर नेलं. पहारेकऱ्याने अडवलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. प्राणिसंग्रहालयांच्या मान्यतेचे जे केंद्रीय नियम आहेत, त्यांत अपंगांना, चाकाच्या खुर्चीवरच्यांनाही, आत जाता यावं अशी स्पष्ट अट आहे. उतार बांधून त्यावर कुंड्या मांडल्या तर ती अट पाळली असं होत नाही. मी तिथल्या तक्रारवहीत लिहिलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा कुंड्या तिथेच होत्या.

आता मुख्य गोष्ट. हे लिहायला बसले ती त्यासाठीच.

आत शिरल्यावर उजव्या हाताला मोठा फलक आहे. देशातल्या वाघांची वाढती संख्या त्यावर आलेखात दाखवली आहे आणि खाली लिहिलंय की व्याघ्रसंवर्धनात या संग्रहालयाचा मोलाचा वाटा आहे. आकडे खरे आहेत. २००६ च्या गणनेत देशात १४११ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ३६८२. महाराष्ट्रात २००६ मध्ये १०३ होते, २०२२ मध्ये ४४४. पण ही गणना जंगलातल्या वाघांची आहे. पिंजऱ्यातले त्यात धरतच नाहीत. हे वाघ वाढले ते ताडोब्यात, पेंचमध्ये, मेळघाटात, ब्रह्मपुरीच्या शेताशिवारांत. वाढले कारण शिकारीवर वचक बसला, गावं उठून दुसरीकडे गेली, वनरक्षक पायी गस्त घालत राहिले आणि सिंदेवाही, नागभीड, मूल या बाजूच्या लोकांनी वाघाच्या शेजारी राहून आपली गुरं आणि कधी कधी आपली माणसं गमावली. या आलेखात प्राणिसंग्रहालयाचा वाटा कोणता, ते फलकावर कुठेच लिहिलेलं नाही. वाघाचं एकही पिल्लू इथे जन्मून जंगलात गेलेलं नाही, हे तिथल्याच माणसांनी मला सांगितलं.

पांढऱ्या वाघाचा फलक तर मला सर्वांत जास्त खटकतो. त्यावर ‘दुर्मीळ प्रजाती, आम्ही जपतो’ असं आहे. पांढरा वाघ ही वेगळी प्रजाती नाही. एका अप्रभावी जनुकामुळे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आलं तरच दिसणाऱ्या जनुकामुळे, तो रंग येतो. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला, पुढे त्याचा संकर त्याच्याच मुलीशी, राधाशी केला आणि १९५८ मध्ये पांढरी पिल्लं झाली. रंग टिकवायचा म्हणून जवळच्या नात्यात जोड्या लावत गेले, आणि तिरळेपणासारखे दोष त्या वंशात उतरले. जंगलातल्या वाघाला त्याचा काही उपयोग नाही. लोकांना तो पाहायला आवडतो, हे मला मान्य आहे, माझ्याही मुलांना आवडतो. मग तसं लिहा. सातवीच्या मुलांना मी अनुवंश शिकवते आणि सहलीला नेलं की फलक त्यांना उलटं शिकवतो.

पिंजऱ्यातल्या प्रजननाने प्राणी वाचतच नाहीत असं माझं म्हणणं नाही. गिधाडांचं पाहा. गुरांना देत असलेलं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात जाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि ती थव्यांनी मेली. जनावरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद झालं, पण तोवर आकाश रिकामं झालं होतं. हरियाणात पिंजोरला केंद्र उभारून, वर्षाला जेमतेम एक अंडं घालणाऱ्या त्या पक्ष्याची पैदास केली गेली. जानेवारी २०२४ मध्ये तिथली गिधाडं आपल्या पेंच आणि ताडोब्यात आणली. आधी मोठ्या पिंजऱ्यात ठेवून इथल्या हवेची सवय केली, अंगावर माग काढणारी यंत्रं बसवली आणि मग सोडली. त्यातली काही दगावली, तेही जाहीर झालं. किती जन्मली, किती सोडली, किती जगली, याचा हिशेब लोकांसमोर आहे. मी ज्याला संवर्धन म्हणेन ते असं.

वाघाच्या बाबतीतही करता येतं, पण वाट वेगळी आहे. मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या जंगलातले वाघ २००९ पर्यंत संपले होते. तिथे दुसऱ्या जंगलांतून वाघ आणले, आणि कान्ह्यात आईविना वाढवलेल्या दोन बहिणीही २०११ मध्ये सोडल्या. माणसाच्या हाताखाली वाढलेली वाघीण जंगलात शिकार करून पिल्लं देते, हे तिथे दिसलं. आमच्या दाराशीच मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या, पुढच्या वर्षी तिसरी आली. आणि सारस? महाराष्ट्रात तो उरलाय तो जवळपास गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांत. घरटं दिसलं की रोवणी-निंदणीत तेवढा तुकडा सोडून देणारे शेतकरी त्याला जपतात. संग्रहालयाच्या संवर्धन-दालनात सारसाचा मोठा फोटो आहे. त्याखाली त्या शेतकऱ्यांबद्दल एक ओळ नाही.

मग या संग्रहालयाचं खरं काम काय? ते आहे, आणि मोठं आहे. माणसांवर हल्ले झाले की वाघाला बेशुद्ध करून पकडतात. विहिरीत पडलेला बिबट्या, फासात पाय अडकलेलं अस्वल, आई मेलेली पिल्लं, यांना कुठेतरी न्यावं लागतं. इथले बहुतेक वाघ-बिबटे असेच आलेले आहेत. त्यांना आयुष्यभर पोसणं, दुखणंखुपणं बघणं हे पुण्याचं काम आहे आणि त्यासाठी सरकारने पैसा द्यावा, मी आनंदाने तिकीट काढेन. माझा राग एवढ्याचसाठी आहे की हे खरं काम फलकांवर कुठेच सांगितलेलं नाही, आणि जे केलेलं नाही त्याचं श्रेय मोठ्या अक्षरात घेतलंय.

उन्हाळ्यात आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या काकूंना सोबत नेलं होतं. त्यांचे दीर काही वर्षांपूर्वी मोहफुलं वेचताना वाघाच्या हल्ल्यात गेले. पहाटे अंधारात वाकून फुलं वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही, आपल्या भागात हे सगळ्यांना माहीत आहे. काकूंनी त्याआधी वाघ कधी पाहिला नव्हता. काचेपाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. वाघ समोरून गेला, त्याच्या उजव्या कानाचा कोपरा फाटलेला होता. मग त्यांनी निगा राखणाऱ्या माणसाला विचारलं, “हा कोणत्या जंगलातला व्हय जी? ह्याले इथं कायले आणलं?”

त्याने सगळं सांगितलं. कोणत्या बाजूचा, किती माणसांवर गेला, कान कसा फाटला, पकडायला किती दिवस लागले, आल्यावर महिनाभर खाणं कसं टाकलं होतं. काकूंनी विचारलं, “आता परत नाही सोडत ना?” तो म्हणाला, “नाही जी, आता हा इथंच राहीन.” त्या काचेवर हात ठेवून म्हणाल्या, “बरं झालं. त्याच्याही जीवाले बरं झालं.”

हे संभाषण त्या फलकावर का नाही? तिथे वाघाचं शास्त्रीय नाव, वजन, आयुष्य आणि आहार आहे, मोठ्या इंग्रजीत आणि खाली बारीक, उन्हाने विटलेल्या मराठीत. हा वाघ कुठून आला, का पकडला, का परत जाऊ शकत नाही, त्याच्या गावच्या लोकांना काय सोसावं लागलं, हे मराठीत चार ओळींत लिहायला काय जातं? मृताच्या घरच्यांना आता २५ लाखांची मदत मिळते, पण कागद कुठे करायचे ते कित्येकांना ठाऊक नसतं. तेही लिहिता येईल. मोहाच्या दिवसांत जंगलात कसं जावं, घोळक्याने, उजाडल्यावर, हेही. शहरातून आलेल्या माणसाला त्यातून वाघ समजेल आणि आमच्या माणसाला आपलं नाव कुठेतरी दिसेल. ज्या तालुक्यांतून हे वाघ आलेत तिथल्या शाळांना आणि बाधित कुटुंबांना आठवड्यातून एक दिवस दुपारची पाळी राखून, मोबाईलशिवाय, खिडकीवर तिकीट द्यावं, अशी माझी मागणी आहे. परतीच्या एसटीची वेळ बघून ती पाळी ठरवावी.

या मागण्या आणि तीन प्रश्न मी प्रशासनाला पत्राने पाठवले : गेल्या दहा वर्षांत इथे कोणत्या प्रजातीची किती पिल्लं जन्मली, त्यातली किती जंगलात सोडली, आणि सोडलेल्यांचा पाठपुरावा कोण करतं. ‘आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे’ एवढंच उत्तर आलं. जन्म-मृत्यूची नोंद ठेवणं आणि ३१ मार्चची प्राण्यांची यादी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाला देणं प्रत्येक संग्रहालयाला बंधनकारक आहे, म्हणजे माहिती त्यांच्या टेबलावर तयार असणार.

तर पास घ्यावा का? गाडी असेल, मुलं लहान असतील आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा जाणं होणार असेल तर घ्या. प्राणी नीट ठेवलेले आहेत, दिवस चांगला जातो. फलक वाचत बसू नका, निगा राखणाऱ्यांशी बोला, ती माणसं खरं सांगतात. घरी म्हातारं माणूस किंवा चाकाच्या खुर्चीवरचं कुणी असेल तर आधी फोन करून वाघाच्या काचेजवळचा उतार मोकळा करून ठेवायला सांगा आणि फोन घेणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. एसटीने जाणार असाल तर पास घेऊ नका, सुट्टं तिकीट काढा.

आम्ही या वर्षी नूतनीकरण थांबवलंय. माहितीच्या अधिकाराचा अर्ज तयार आहे. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, म्हणून तीन प्रश्नांचं मिळून एकच केलंय आणि दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलंय. तीस दिवसांत जे उत्तर येईल ते इथेच खाली जसंच्या तसं टाकेन.