मुरबाडजवळच्या ‘इंग्रजी अमदानीतल्या बंगल्या’चे पैसे भरण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या लोकांच्या मोबाइलवर एक जाहिरात फिरायला लागते. कौलारू बंगला, पुढे ऐसपैस ओसरी, सागवानी झोपाळा, मागे हिरवा डोंगर, चुलीवरचं जेवण. ‘1840 साली रेल्वेच्या इंग्रज इंजिनिअरसाठी बांधलेली वास्तू, आता मोजक्या पाहुण्यांसाठी खुली.’ आम्ही पाचपाखाडीत राहतो. या बंगल्यापायी आमचे 14,000 रुपये गेले. कल्याण-नगर रस्त्यावर, मुरबाडच्या पुढे टोकावड्याजवळ तो आहे असं सांगितलं होतं. तिथे असा बंगला नाही.

आईला कौलांच्या घरात, पाऊस पडत असताना एक रात्र राहायचं होतं. तिचं बालपण राजापूरकडचं. फोटो बघून ती हरखलीच, ‘अगो, हे तर थेट आमच्या घरासारखं!’ हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

फोनवरचा माणूस अगदी गोड. ‘ताई’शिवाय बोलायचा नाही, मराठी स्वच्छ, घाई अजिबात नाही. मी काही डोळे मिटून पैसे भरले नव्हते, प्रश्न विचारले होते. नकाशावर जागा का दिसत नाही? ‘मालकांना गर्दी नको आहे, ताई.’ फोटोत नावाची पाटी कुठेच नाही? ‘जुनी भिंत आहे, खिळा ठोकू देत नाहीत.’ केअरटेकरचा नंबर द्या. ‘तिथे रेंजच नाही हो, आणि लोक रेंजपासून सुटायलाच तर येतात.’ बिल? ‘गावचा व्यवहार, हाताने लिहून पावती देतो.’ पैसे पाठवताना वेगळ्याच बाईंचं नाव दिसलं, तर ‘मोठ्या मालकांच्या सूनबाई, हिशेब त्या बघतात.’

या फसवणुकीची खरी कारागिरी इथे आहे. शहरातल्या हॉटेलबद्दल अशी उत्तरं मिळाली असती तर कोणीही फोन ठेवला असता. पण जागा जुनी आणि आडगावातली म्हटली की पत्ता नसणं, पाटी नसणं, फोन न लागणं, पावती नसणं हे सगळं दोष न राहता त्या जागेचं वैशिष्ट्यच होऊन बसतं. जितकं कमी दाखवतील तितकी जागा अस्सल वाटते. हा धंदा करणाऱ्यांना बंगल्याची गरजच नाही, आपल्याला बंगल्याची किती हौस आहे एवढं कळलं की पुरे.

दोन खोल्यांचे 9,000 रुपये आगाऊ घेतले. निघण्याच्या आदल्या रात्री आणखी 5,000 मागितले, ‘सागवानी फर्निचर आहे, मोडतोडीचं डिपॉझिट, निघताना परत.’ लोकेशन हे भरल्यावरच मिळालं. ते उघडलं एका भातखाचरात. चिखलात गाडी फिरवायलाही जागा नव्हती. टोकावड्यात परत येऊन किराणा दुकानात विचारलं, तर दुकानदाराला आश्चर्यही वाटलं नाही. ‘मागल्या रविवारी पण एक गाडी आली होती तुमच्या ठाण्याची. बंगला नाही ओ इकडं. एमटीडीसीचं आहे ते वर माळशेजला.’

त्याच्या दुकानासमोरच फोन लागला. मला वाटलं होतं नंबर बंद असेल. उलट माणूस कळवळून बोलला. केअरटेकरला अपघात झाला, फार वाईट झालं, ताई तुमचे पूर्ण पैसे आत्ताच्या आत्ता परत करतो. लगेच क्यूआर कोड आला, खाली ‘रिफंड 14,000’ असं लिहिलेलं. स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा. नवऱ्याने स्कॅन केलाही. मागे बसलेला भाचा ओरडला, ‘काका, थांब! पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही!’ यूपीआयमध्ये आपल्या खात्यात पैसे यायला ना पिन लागतो ना कोड स्कॅन करावा लागतो. लोक गेलेल्या पैशांमागे धावत असतात, तेव्हाच त्यांना दुसऱ्यांदा लुबाडायचं, अशी ही योजना. पहिल्या फसवणुकीपेक्षा मला हिचाच जास्त संताप आला.

तिथूनच 1930 वर फोन केला. ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक विचारतात, तो यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण केली, चॅट आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट जोडले. आदल्या रात्रीचे 5,000 पुढच्या खात्यात थोपवले गेल्याचं कळलं, ते परत मिळवायची कागदपत्रं अजून चालू आहेत. 9,000 मात्र केव्हाच हातोहात पुढे सरकले होते. खात्यातून खात्यात पैसे पळवायला त्यांना फार वेळ लागत नाही, म्हणून ‘घरी जाऊन शांतपणे बघू’ असं करू नका. पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ असं ऐकायला मिळालं, तर सांगा की नसलेली जागा भाड्याने देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा गुन्हा आहे, आणि मोबाइल-संगणक वापरून दुसरंच कोणी असल्याचं भासवलं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 ड आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचं. हे आकडे तोंडपाठ असले की समोरचा माणूस जरा सरसावून बसतो, हा अनुभव.

घरी आल्यावर माझ्या दिरांनी फोटो नीट पाहिले. ते बांधकामातले. भिंती तांबड्या चिऱ्याच्या, आवारात सुपारीच्या बागा. मुरबाड-शहापूरकडच्या जुन्या घरांना काळा दगड नाहीतर वीट, चिरा हा खालच्या कोकणातला. आईला घर राजापूरसारखं वाटलं त्यात नवल नव्हतं. फोटो इमेज सर्चमध्ये टाकल्यावर सिंधुदुर्गातल्या एका खऱ्याखुऱ्या होमस्टेची पानं निघाली. त्यांना कळवलं, तेही बिचारे वैतागलेले होते, त्यांच्या ओसरीवर दुसराच कोणी पैसे कमावत होता. वर मंगलोरी कौलं होती, आणि बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेने मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला 1865 साली. कौलं नंतर बदलता येतात, मान्य. पण रेल्वेचा इंजिनिअर? बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली 16 एप्रिल 1853 ला, ती चालवणारी कंपनीच स्थापन झाली 1849 मध्ये. 1840 साली हा साहेब टोकावड्यात नेमकं काय करत होता? मुरबाडला तर आजही आपण एसटीनेच जातो.

खरी जागा ओळखायला मला आता एक प्रश्न पुरतो, एसटीने आलो तर कुठे उतरायचं? गावातला माणूस फाटा सांगतो, शाळा सांगतो, मारुतीचं देऊळ सांगतो, वरून ‘फोन करा, पोरगा पाठवतो’ म्हणतो. ठग फक्त लोकेशन पाठवतो, तेही पैसे मिळाल्यावर. व्हिडिओ कॉलवर घराबाहेर येऊन रस्ता आणि ग्रामपंचायतीची पाटी दाखवायला सांगा. रेंज नाही म्हणाले तर रेंज असलेल्या ठिकाणी येऊन करा म्हणावं, खरा मालक कुरकुरेल पण करेल. कृषी पर्यटन केंद्र म्हणवत असतील तर राज्याच्या 2020 च्या धोरणाखाली पर्यटन संचालनालयाचं नोंदणी प्रमाणपत्र मागा. ग्रामपंचायतीत फोन करून असं घर आहे का विचारायला लाजू नका.

जाहिरात अजून चालू आहे. नाव आणि नंबर बदललेत, बंगला आता कर्जतजवळ गेलाय, फोटो तेच. तो नवा नंबर आम्ही दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद फोन आणि मेसेज कळवायच्या ‘चक्षु’ सुविधेत नोंदवला. ज्यांचे पैसे याच प्रकारात गेले असतील त्यांनी आमच्या तक्रारीवर विसंबून न राहता आपापली वेगळी तक्रार करा, कारण प्रत्येकाचा यूटीआर वेगळा असतो आणि पैसे अडवले जातात ते त्या क्रमांकावरून.