फुफ्फुसातील गाठ: थांबून पुन्हा सीटी, की लगेच बायोप्सी?

पोटदुखीसाठी यवतमाळला काढलेल्या सीटी स्कॅनच्या अहवालात फुफ्फुसात 5 मिलिमीटरची गाठ असल्याची ओळ आली, की कर्करोगाच्या धास्तीने घरचे थेट नागपूर गाठायला निघतात. प्रत्यक्षात एवढ्या लहान गाठी बहुतांशी निरुपद्रवी असतात, आणि आपल्याकडे अनेकदा जुन्या क्षयरोगाचे व्रणच निघतात.

फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या स्कॅनमधील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2017 च्या सूचनांनुसार 6 मिलिमीटरपेक्षा लहान घन (सीटीत पूर्ण भरीव दिसणाऱ्या) गाठीला, कर्करोगाचा धोका कमी असल्यास, पुन्हा तपासणी सहसा लागत नाही. 6 ते 8 मिलिमीटरसाठी 6 ते 12 महिन्यांनी सीटी करतात. बायोप्सीचा, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा, विचार मुख्यतः 8 मिलिमीटरच्या पुढे होतो. तिने निदान पक्के होऊ शकते हे खरे, परंतु सुईमुळे फुफ्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठू शकते, आणि लहान गाठीत नेम चुकण्याची शक्यताही अधिक असते.

म्हणून लहान गाठीसाठी मला थांबणेच योग्य वाटते. मात्र कापूस वेचणीच्या धांदलीत पुढच्या सीटीची तारीख हुकू देऊ नये, आणि घरच्या पेटीत पडलेली जुनी फिल्म डॉक्टरांना अवश्य दाखवावी, कारण घन गाठ दोन वर्षे जशीच्या तशी असेल, तर ती बहुधा निरुपद्रवी मानली जाते. विडीचे जुने व्यसन, पूर्वीचा कर्करोग, खोकल्यातून रक्त किंवा घटते वजन असल्यास हा हिशेब बदलतो. अशा रुग्णाने छातीरोगतज्ज्ञाला लगेच भेटावे.