गाडीचा नाही, गाडीतल्या पट्ट्यांचा रिव्ह्यू

गाडीच्या रिव्ह्यूमध्ये मायलेज असतं, डिकीत किती बॅगा मावतात ते असतं, टचस्क्रीन किती इंची ते असतं. सीटबेल्टबद्दल फार तर एक ओळ. मला मात्र पट्ट्यांबद्दलच लिहायचंय. सहा वर्षांत या गाडीतल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूवर मी इतकी विसंबलेली नाही.

आमची साधी पेट्रोल हॅचबॅक, सप्टेंबर २०१९ ची. राहायला कळव्यात, माझी बँक नौपाड्यात, माहेर नेरूळला. म्हणजे रोज खाडीवरचा पूल आणि रविवारी ठाणे-बेलापूर रोड. गाडीत नवरा, मी, कॉलेजात जाणारी ऋतुजा आणि सासूबाई. आई ७८ वर्षांच्या, उंची जेमतेम चार फूट नऊ इंच, अंगावर कायम सुती साडी. पट्टा कोणाला कसा बसतो हे माणसाच्या अंगलटीवर ठरतं, म्हणून हे आधीच सांगितलं.

सगळ्यात आधी पट्टा गुंडाळून घेणाऱ्या रिळाबद्दल, कारण लोकांची पहिली तक्रार तिथेच असते. आई बसल्या की पट्टा हिसका देऊन ओढायच्या. तो अडकायचा. "अगं, बिघडलाय हा, येतच नाही," म्हणून सोडून द्यायच्या. मलाही बरेच दिवस वाटायचं की रीळ खराब आहे. शेवटी सर्व्हिसिंगच्या वेळी कोपरीतल्या आमच्या गॅरेजवाल्या दादांना विचारलं. त्यांनी भंगारातल्या एका जुन्या गाडीचं रीळ आणून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "ताई, सरळ धरा आणि ओढा." ओढलं, पट्टा अलगद बाहेर आला. "आता जरा तिरकं करा." तिरकं केलं आणि पट्टा जागच्या जागी थांबला. कितीही जोर लावला तरी सुतभर हलेना.

मग त्यांनी कडेचं प्लास्टिकचं झाकण काढलं. आत एक छोटी वाटी आणि वाटीत गोटीपेक्षा लहान पोलादी गोळी. गाडी जोरात थांबली किंवा कलंडली की ती गोळी वाटीच्या कडेवर चढते, वरची बारीकशी पट्टी उचलते, ती दातेरी चाकात अडकते, की रीळ बंद. वायर नाही, बॅटरी नाही. याचं आंतरराष्ट्रीय मानकच ठरलेलं आहे: १२ अंशांपर्यंत तिरकं झालं तर अडकता कामा नये, २७ अंशांच्या पुढे अडकायलाच हवं. शिवाय दुसरी कळ पट्ट्याच्या वेगावर चालते. पट्टा झटक्यात ओढला गेला तर गाडी उभी असली तरी रीळ धरून ठेवतं. आईंच्या हिसक्याला ते अडकत होतं म्हणजे त्याचं काम चोख करत होतं. मी ती गोळी वाटीत पाच-सहा वेळा घोळवून पाहिली. घरी जाऊन आईंना सांगितलं की सोडून द्या, पुन्हा सावकाश ओढा. त्या दिवसापासून अडकला नाही.

सोसायटीचा रॅम्प उतरताना पट्टा अडकतो त्याचंही कारण हेच. नवरा गाडी सोडतो, उतारावर ब्रेक दाबतो, खाली स्पीडब्रेकर येतो आणि त्याच क्षणी मी पट्टा ओढत असते. आता मी वरच, गाडी हलायच्या आधी लावते.

पुढच्या दोन सीटांवर आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या डोळ्यांना दिसत नाहीत. एक प्रीटेन्शनर. जोराच्या धडकेत रिळाजवळची छोटी गॅसची नळी फुटते आणि काही मिलिसेकंदांत पट्टा मागे खेचून ढिलेपणा काढून टाकते. दुसरा लोड लिमिटर, जो त्यानंतर पट्टा मोजून-मापून थोडा सोडतो, म्हणजे बरगड्यांवर सगळा भार एकदम येत नाही. प्रीटेन्शनर एकदाच उडतो, नंतर पूर्ण युनिट बदलावं लागतं. त्यामुळे जुनी गाडी घेताना चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो का, हे जरूर बघा. अजिबात लागलाच नाही तरी शंका घ्या. आमच्याकडे एकदा तो विझेना. सीट कव्हर बसवणाऱ्याने सीटखालचा पिवळा प्लग ओढला होता. दादांनी आधी बॅटरीची वायर काढली, थोडा वेळ थांबले, मगच त्या प्लगला हात लावला. प्रीटेन्शनरचं रीळ घरी उघडायचं नसतं, हेही त्यांनी बजावून सांगितलं.

बेल्ट लावला नाही की वाजत राहणाऱ्या रिमाइंडरला माझे पैकीच्या पैकी मार्क. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटला तो सक्तीचा झाला, त्यामुळे आमच्या गाडीत तो आहे. शेजारच्या सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. वाशीच्या मार्केटमधून मोठं कलिंगड आणून सीटवर ठेवलं तरी तो बोंब मारतो. मग फळं पायाशी ठेवायची, ती तशीही तिथेच बरी.

पण याच आवाजाला कंटाळून माझ्या दिरांनी एक क्लिप आणली. बेल्टच्या टोकाला असते तशी नुसती धातूची जीभ, बकलमध्ये खुपसली की गाडीला वाटतं बेल्ट लागला. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना या क्लिप विक्रीतून काढायला लावल्या. दिरांची क्लिप त्याआधीची. मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, एअरबॅग फुगते ती तुम्ही पट्ट्याने मागे धरलेले आहात असं गृहीत धरून." एअरबॅगच्या जागी लिहिलेल्या एसआरएस या अक्षरांतला पहिला एस म्हणजे सप्लिमेंटल, पूरक. आधी पट्टा, त्याला जोड म्हणून एअरबॅग. पट्टा नसेल तर ब्रेकबरोबर माणूस पुढे जातो आणि फुगणारी पिशवी त्याला भलत्या अंतरावर गाठते. त्या क्लिपबद्दल मला अजूनही राग येतो. दुसऱ्याच्या गाडीत बसले की बकलमध्ये काय खोचलंय ते मी आधी बघते.

"मग पट्टा आपोआपच लागायची सोय का करत नाहीत?" असं ऋतुजाने विचारलं होतं. केली होती. माझा मावसभाऊ १९९२ साली न्यू जर्सीत शिकायला होता, त्याच्या जुन्या गाडीत तसा पट्टा होता. दार लावून चावी फिरवली की खांद्याचा पट्टा दारावरच्या रुळावरून घरघरत मागे येऊन छातीवर बसायचा. अमेरिकेत १९८७ पासून टप्प्याटप्प्याने नियम आला होता की एअरबॅग द्या, नाहीतर माणसाने काही न करता लागणारा पट्टा द्या. बऱ्याच कंपन्यांनी हा मोटरवाला पट्टा दिला. अडचण अशी की कमरेचा पट्टा मात्र हातानेच लावायचा असे. खांद्याचा आपोआप आला की काम झालं असं वाटून माणसं तो विसरत, आणि नुसत्या खांद्याच्या पट्ट्याखालून शरीर घसरतं. मावसभाऊ स्वतःच कबूल करतो की तो कमरेचा क्वचितच लावायचा. १९९८ च्या मॉडेलपासून तिथल्या कारना पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या झाल्या आणि ते रूळ गेले. व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये केलेला तीन बिंदूंचा, एका हाताने लावायचा पट्टाच टिकला. कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं ठेवलं होतं. ओढ, लाव, टक. बाकी सगळं यंत्र करतं, पण तो टक आपणच करायचा.

आता मागची सीट. इथे माझे मार्क कमी होतात, आणि अर्धा दोष आमचाच आहे.

गाडी घेतली त्याच आठवड्यात ॲक्सेसरीजच्या दुकानात जाड रेक्झिनची कव्हरं बसवली. बसवणाऱ्याने मागची तिन्ही बकलं कव्हरखाली दाबून टाकली आणि आम्ही तीन वर्षं ती पाहिलीसुद्धा नाहीत. आई आणि ऋतुजा रोज तशाच बसायच्या. मग ४ सप्टेंबर २०२२ चा रविवार. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री मागे बसले होते ती गाडी धडकली. मागे बसलेले दोघंही गेले, आणि दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता. संध्याकाळी टीव्हीवर ते बघताना नवऱ्याने ब्लेड उचललं आणि खाली पार्किंगमध्ये गेला. मी टॉर्च धरला. कव्हर कापून बकलं बाहेर काढली तेव्हा एकात शेंगदाण्याचं साल आणि एक रुपयाचं नाणं अडकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी कळवा मार्केटमधल्या शिलाईवाल्याकडून त्या चिरांना काठ मारून घेतले, ३०० रुपये लागले. सहा वर्षांत गाडीवर केलेला सगळ्यात मोलाचा खर्च तोच.

पुढच्याच पावसाळ्यात रबाळ्याजवळ एक मोटरसायकल समोर घसरली. नवऱ्याने जीव खाऊन ब्रेक मारला. मागून फक्त एक खट्ट असा आवाज आला, तो रिळाचा. मी वळून पाहिलं तर आई सीटवर होत्या तिथेच, चष्मा मात्र पायाशी. मोटरसायकलवाला उठून उभा राहिला, त्याला खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. रात्री आईंच्या मानेच्या कडेला बोटभर रुंद निळसर वळ दिसला. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला झोप लागली नाही.

कारण वळ खांद्यावर उठायला हवा होता, मानेजवळ नाही. मागचा पट्टा वरून एकाच ठरावीक जागेतून येतो, उंची कमी असेल तर तो गळ्यावर घासतो. आई म्हणूनच तो काखेखालून घ्यायच्या प्रयत्नात असायच्या, आणि ते तर फारच वाईट, सगळा भार बरगड्यांवर येतो. आता त्या पुढे बसतात. पुढच्या खांबावर पट्ट्याची उंची खालीवर होते, ती आम्ही सगळ्यात खाली ठेवली. सीट जमेल तेवढी मागे. पट्टा गळपट्टीच्या हाडाच्या मध्यावर येतो. कमरेचा भाग पोटावर न ठेवता खाली, कमरेच्या हाडांवर, आणि पदर पट्ट्याखाली चुरगळू न देता आधी सारखा करून. हे सगळं रोज मीच करून देते, आता त्या स्वतःहूनच हात वर धरतात.

मागच्या मधल्या सीटला फक्त कमरेचा पट्टा आहे. तिथे आम्ही कोणाला बसवत नाही. पाहुणे आले आणि पाचवा माणूस झाला तर रिक्षा करतो. यावरून दोनदा रुसवेफुगवे झालेत, चालतील.

दंडाचा विषय थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ बी प्रमाणे बेल्ट नसेल तर १,००० रुपये, आणि १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तरी तेवढेच.

गेल्या वर्षी ड्रायव्हरचा पट्टा नीट गुंडाळेनासा झाला. लोंबकळायचा, दारात सापडायचा, कडेला ग्रीस लागलं. मी नवीन रीळ घ्यायच्या तयारीत होते. दादा म्हणाले, आधी धुऊन बघा. पट्टा पूर्ण बाहेर ओढून कपड्याच्या चिमट्याने धरून ठेवला, कोमट पाणी आणि सौम्य साबण लावून मऊ ब्रशने उभाच घासला. बादलीतलं पाणी चहासारखं झालं. वरच्या ज्या कडीतून पट्टा फिरतो तिथे घामाचा आणि धुळीचा काळा थर होता, तो ओल्या फडक्याने काढला. ब्लीच नाही, रंग नाही, रिळात तेल तर मुळीच नाही. रात्रभर दारं उघडी ठेवून सावलीत वाळू दिला, मग चिमटा काढला. सर्रकन आत गेला. कडा उसवल्या असत्या किंवा कापल्या असत्या तर मात्र बदलणंच भाग होतं.

पुढच्या वर्षी गाडी बदलायचा विचार आहे. नव्या गाड्यांत मागच्या सीटलाही बजर येतोय, तो हवाच. मधल्या सीटला तीन बिंदूंचा पट्टा हवा. शोरूमला जाताना आईंना बरोबर नेणार आहे. त्यांना प्रत्येक सीटवर बसवून पट्टा कुठून जातो ते मी स्वतः बघणार, टचस्क्रीन ऋतुजा बघेल.