ग्रबमध्ये डीफॉल्ट कर्नल: क्रमांक की ‘सेव्हड’?

ग्रब म्हणजे संगणक सुरू होताना मेनू दाखवून लिनक्सचा कर्नल (त्याचा गाभा) चालू करणारा प्रोग्रॅम. कर्नल निवडला एक, बूट होतो (म्हणजे सुरू होतो) दुसराच, अशी तक्रार असेल तर आधी ग्रबच्या ‘ग्रब डीफॉल्ट’ या सेटिंगचं मूल्य पाहा: तिथे एकतर आकडा असतो, नाहीतर ‘सेव्हड’ हा शब्द.

तिथे आकडा असेल तर मोजणी शून्यापासून होते. शून्य ठेवलं की यादीतला पहिला, म्हणजे बहुधा सर्वांत नवा कर्नल. ज्यांना तोच हवा त्यांनी पुढे वाचायचीही गरज नाही. जुना हवा असेल तर मात्र आकडा दगा देतो: नवा कर्नल आला की यादी सरकते. शिवाय उबुंटूत जुने कर्नल उपमेनूत असतात, म्हणून नुसता ‘२’ चालत नाही, ‘१>२’ (दुसऱ्या नोंदीच्या उपमेनूतली तिसरी नोंद) लिहावं लागतं. आणि बदलानंतर ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा चालवायची राहिली तर सगळं व्यर्थ.

‘सेव्हड’मध्ये निवड १०२४ बाइटच्या ‘ग्रबएन्व्ह’ फाइलीत राहते. ती बदलणाऱ्या ‘ग्रब-सेट-डीफॉल्ट’ या आज्ञेला क्रमांकाऐवजी नोंदीचा आयडी दिला की यादी सरकली तरी फरक पडत नाही. अडचण एकच: ही फाइल ज्यात असते ते ‘बूट’ फोल्डर एलव्हीएमवर (डिस्कचे लवचीक भाग पाडणारी व्यवस्था) किंवा बीटीआरएफएसवर (एक फाइल सिस्टिम) असेल तर ग्रब ती फाइल वाचतो, पण मेनूतली निवड तिच्यात लिहू शकत नाही. तेव्हा निवड लिनक्समधूनच, याच आज्ञेनं बदलावी.

जुन्या कर्नलवर टिकून राहायचं असेल तर माझं मत ‘सेव्हड’लाच.