फायबरचा हाफ बोन सेट: पहिलं वर्ष संपल्यावरचा अनुभव

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला येणारे ज्युनियर्स दरवर्षी हेच विचारतात: बोन सेट (अभ्यासासाठी लागणारी सांगाड्याची हाडं) घ्यावा का, आणि घ्यायचा तर कुठला? मी फायबरचा, सुट्या हाडांचा हाफ सेट घेतला होता. विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलपर्यंत तो रोज हातात होता आणि आता दुसऱ्या वर्षातही बायोमेकॅनिक्स (शरीरावरच्या भारांचं आणि हालचालींचं शास्त्र) वाचताना शेजारीच असतो. आधी निकाल सांगते: जरूर घ्या. हाडांचे आकार शिकायला याच्यासारखं साधन नाही. हाड म्हणजे काय हे कळायला मात्र आणखी दोन-तीन गोष्टी कराव्या लागतात. त्या मी केल्या, म्हणून हे लिहिते आहे.

हाफ सेटमध्ये कवटी, खालचा जबडा, सगळे मणके, सेक्रम (कमरेखालचं त्रिकोणी हाड), माकडहाड, छातीचं हाड आणि हायॉइड (गळ्यातलं छोटं हाड) असतं. बरगड्या, हात आणि पाय एकाच बाजूचे. पंजा आणि पाऊल तारेत ओवलेले. कानातली इवली हाडं नसतात, पण त्यांतलं स्टेपीस जेमतेम 3 मिमीचं असतं, त्यामुळे ती तक्रार करण्यात अर्थ नाही.

खरी हाडं का नाही, असं घरच्यांनीही विचारलं. एके काळी कोलकात्याहून जगभरच्या मेडिकल कॉलेजांना मानवी सांगाडे जात. 1985 मध्ये भारत सरकारने त्या निर्यातीवर बंदी घातली. आमच्या कॉलेजची हाडं डिसेक्शन हॉलबाहेर न्यायला परवानगी नाही, आणि ते मला मनापासून पटतं. ती कुणाच्या तरी घरच्या माणसाची आहेत. रात्री खोलीवर, जेवताना, पलंगावर पसरून अभ्यास करायचा असेल तर फायबरच बरं.

आता चांगलं काय ते. साइड डिटरमिनेशन, म्हणजे हाड उजवं की डावं ते ओळखणं, या सेटने पक्कं केलं. फेमर (मांडीचं हाड) हातात घ्यायचं, हेड (गोल टोक) वर आणि आत, शाफ्टचा (मधल्या दांड्याचा) फुगवटा पुढे, लिनिया ॲस्पेरा ही खडबडीत कड मागे. डोळे मिटून चाचपलं तरी बाजू कळायला लागली. हेडच्या खालची मान शाफ्टशी साधारण 125 अंशांचा कोन करते. चित्रात तो आकडा पाठ करावा लागतो, हाड समोर असलं की तो दिसतो. कॉलरबोनचंही तसंच. छातीकडचं टोक जाडजूड, खांद्याकडचं चपटं. आतला दोन तृतीयांश भाग पुढे वाकलेला, बाहेरचा एक तृतीयांश मागे. हे दोन बाक जिथे भेटतात तिथेच ते हाड सर्वांत जास्त वेळा मोडतं. गर्भात सर्वांत आधी ज्या हाडाचं अस्थीकरण (हाड बनणं) सुरू होतं, तेही हेच.

सेटचा सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे हाड स्वतःच्या अंगावर धरून पाहणं. ह्युमरस (दंडाचं हाड) दंडाला लावायचं, त्याच्या मागच्या बाजूला तिरका उतरत गेलेला रेडियल ग्रूव्ह (खाच) शोधायचा, आणि रेडियल नस नेमकी इथून हाडाला चिकटून जाते हे बोटाने मोजायचं. दंडाचं हाड मधोमध मोडलेल्या रुग्णाचा पंजा मनगटातून लोंबकळतो, याचं कारण मला पुस्तकात वाचूनही धड लक्षात राहत नव्हतं. इथे ते एकदाच कळलं आणि राहिलं. कोपराच्या आतल्या उंचवट्यामागे झटका बसतो ती जागाही अशीच सापडली. माझी रूममेट आयुर्वेदाची विद्यार्थिनी आहे, तिनेही अर्धा अभ्यास याच सेटवर केला.

दोष आहेत. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे बारीक उभी रेघ राहते. माझ्या सेटमध्ये रेडियसवर (अंगठ्याकडच्या हाताच्या हाडावर) ती रेघ इंटरऑसियस बॉर्डरच्या (शेजारच्या हाडाकडच्या कडेच्या) अगदी जवळून जाते, आणि नव्या मुलाला खरी कड कुठली ते समजत नाही. बारीक सँडपेपरने घासल्यावर निभावलं. कवटीत क्रिब्रिफॉर्म प्लेटला भोकंच नाहीत, नुसता खडबडीत पट्टा आहे. वासाच्या नसा ज्या चाळणीतून जातात तीच बुजलेली. थोरॅसिक (छातीच्या) मणक्यांवर बरगडी टेकते त्या अर्धवट खोबणी इतक्या पुसट आहेत की वरची कुठली, खालची कुठली हे चाचपून सांगता येत नाही. कवटीच्या तळाचा सुईसारखा काटा, स्टायलॉइड प्रोसेस, पहिल्या महिन्यातच तुटला. तो भाग खऱ्या कवटीतही नाजूकच असतो, त्यामुळे मला फार वाईट वाटलं नाही.

न्यूट्रिएंट फोरॅमेनची उणीव मात्र खरोखर खटकते. हाडाला रक्त नेणारी मुख्य धमनी या छिद्रातून आत शिरते, आणि ते तिरकं असतं. हातात कोपराकडे, पायात गुडघ्यापासून लांब. लहानपणी हाडाचं जे टोक जास्त वाढतं, त्याच्या उलट दिशेला ते आत उतरत जातं. म्हणजे एका बारीक छिद्रावरून त्या हाडाची सगळी वाढ वाचता येते. व्हायवाचा (तोंडी परीक्षेचा) हा लाडका प्रश्न आहे. माझ्या फेमरवर तिथे फक्त एक ठिपका आहे, पेनाने टेकवल्यासारखा. खऱ्या हाडात बारीक तार घातली की दिशा लगेच कळते, इथे तार घालायला जागाच नाही.

आणि वजन. फायबरचं हाड सगळीकडे सारखंच असतं. खऱ्या हाडाच्या नळीत बाहेर घट्ट कॉम्पॅक्ट भिंत, मध्ये मज्जेची पोकळी आणि टोकांना जाळीदार स्पंजी हाड असतं. सांगाड्याच्या वजनात कॉम्पॅक्टचा वाटा साधारण 80 टक्के. यातलं काहीही फायबरमध्ये येत नाही. यासाठी आमच्या डिपार्टमेंटमध्ये उभं कापलेलं एक खरं फेमर ठेवलंय, आणि या वर्षात मी सगळ्यात जास्त वेळ ज्या एका वस्तूकडे बघत बसले ती हीच. हेडपासून खाली, मानेच्या आतल्या कडेपर्यंत जाळीच्या दाट रेषा उतरतात. दुसऱ्या रेषा बाहेरच्या बाजूने उगवून कमानीसारख्या मानेतून वर जातात आणि पहिल्यांना छेदतात. पहिल्या दाब पेलतात, दुसऱ्या ताण. दोन्हींच्या मध्ये एक विरळ त्रिकोण राहतो, त्याला वॉर्डचा त्रिकोण म्हणतात. म्हातारपणी जाळी झिजते तेव्हा ही जागा आणखी पोकळ होते. आपल्याकडे आजी मोरीत घसरून पडतात आणि खुब्यात मोडतं, ते या मानेच्या आसपासच.

1866 मध्ये झुरिकला शरीररचनातज्ज्ञ हर्मान फॉन मायर यांनी असंच कापलेलं हाड दाखवलं तेव्हा कार्ल कुलमान हे इंजिनियर तिथे होते. वाकलेल्या क्रेनमध्ये ताण-दाबाच्या ज्या रेषा ते कागदावर काढत, तशाच त्यांना हाडात दिसल्या. पुढे 1892 मध्ये सर्जन युलियस वोल्फ यांनी नियम मांडला की हाड त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची रचना बदलतं. आमच्या अख्ख्या विषयाचा पाया हाच आहे. भार काढून घेतला की हाड विरतं. अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला 1 ते 1.5 टक्के घटते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला आम्ही शक्य तितक्या लवकर उभं करायला धडपडतो, त्याचं एक कारण हेही आहे.

हे काम करणाऱ्या पेशी पाहायच्या तर सूक्ष्मदर्शकच लागतो. हाडाच्या पातळ घासलेल्या स्लाइडवर ऑस्टिऑन (घट्ट हाडाचे नळीसारखे घटक) दिसतात: मध्ये रक्तवाहिनीचं छिद्र, भोवती एकात एक वर्तुळं, त्यांत काळे ठिपके आणि ठिपक्यांतून निघालेले केसाइतके बारीक फाटे. एका ऑस्टिऑनचा व्यास सुमारे 0.2 मिमी. ठिपके म्हणजे ऑस्टिओसाइट या हाडाच्या पेशींच्या खोल्या. त्या फाट्यांतून या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात, भार जाणवून घेतात आणि हाड कुठे खोदायचं, कुठे भरायचं याचे संदेश देतात. ऑस्टिओक्लास्ट खोदतात, ऑस्टिओब्लास्ट भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नव्याने घडतो. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम इथेच साठवलेलं असतं, आणि रक्तात ते कमी पडलं की याच खोदकामातून काढलं जातं.

घरी करण्यासारख्या दोन गोष्टी सांगते. रविवारी मटण आणलं की नळी खाण्याआधी नीट बघा. आडव्या कापावर जाड भिंत आणि आतली मज्जा स्वच्छ दिसते, सांध्याकडच्या तुकड्यात जाळीही दिसते. दुसरं, कोंबडीच्या तंगडीचं धुतलेलं हाड व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवा, मधूनमधून व्हिनेगर बदला. खनिज विरघळतं, कोलॅजन (चिवट प्रथिन) उरतं आणि हाड चक्क वाकतं. तसंच दुसरं हाड गॅसवर पूर्ण जाळलं की उलट होतं: आकार तोच राहतो, पण बोटात चुरा. वजनाने साधारण दोन तृतीयांश खनिज आणि उरलेलं बहुतेक कोलॅजन, ही दोन्ही मिळून हाडाला कणखरपणा देतात. मुडदूस झालेल्या मुलाचे पाय का वाकतात, आणि कोलॅजनमध्ये जन्मजात दोष असलेल्या बाळाची हाडं का मोडत राहतात, हे त्यानंतर मला वेगळं पाठ करावं लागलं नाही.

टिकाऊपणाचं थोडक्यात. ओरिजिन (स्नायू जिथून निघतो) लाल, इन्सर्शन (जिथे जोडला जातो) निळं असं रंगवायचं तर व्हाइटबोर्ड मार्कर वापरा, पर्मनंट मार्करचे डाग स्पिरिटनेही पूर्ण जात नाहीत. पावसाळ्यात पंज्याच्या तारेला गंज चढला. उन्हाळ्यात खिडकीपाशी ठेवलेल्या दोन बरगड्या वाकल्या, त्यामुळे डबा भिंतीकडे ठेवा. मला सेट साडेपाच हजारांना पडला, दोघींत वाटून घेतला तर जड जात नाही.

दुकानात घेत असाल तर डबा तिथेच उघडायला सांगा. फेमरवर ॲडक्टर ट्यूबर्कल (गुडघ्याजवळचा छोटा उंचवटा) बोटाला लागतो का, कवटीचं झाकण नीट बसतं का, थोरॅसिक मणक्यांच्या खोबणी दिसतात का, एवढं बघा. आणि पंजा शक्यतो सुट्या हाडांचा मागा. तारेत ओवलेल्या पंज्यात स्कॅफॉइडच्या सांध्याच्या बाजू दिसतच नाहीत, आणि मनगटाच्या छोट्या हाडांत सर्वांत जास्त मोडणारं हाड तेच आहे. त्याला रक्त बोटांकडच्या बाजूने मिळतं, म्हणून मध्ये मोडलं की कोपराकडच्या बाजूचा तुकडा मरू शकतो. ते हाड सुटं हातात फिरवून बघायला मिळायलाच हवं.